पाचव्या दिवसाचा गूळ

आंबेखिंडीच्या कृषी महाविद्यालयाचा नवा गोठा बघायला त्या वर्षी तीन जिल्ह्यांतून माणसं आली, आणि बहुतेकांनी जाताना एकच गोष्ट म्हटली, की इथं गाय होऊन राहायला आपली काही हरकत नाही. पायाखाली रबराची गादी, डोक्यावर मोठाले पंखे, ऊन वाढलं की आपोआप उडणारे बारीक तुषार, पाठ खाजवायला फिरता ब्रश. शेजारीच काचेच्या भिंतीची प्रयोगशाळा, म्हणजे आतल्या शास्त्रज्ञांना गायी दिसाव्यात आणि गायींना शास्त्रज्ञ. मुलांच्या वसतिगृहातले पंखे मात्र जुनेच होते आणि त्यांतल्या निम्म्यांचा आवाज वाऱ्यापेक्षा मोठा होता. हे मुलं प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत.

गोठाप्रमुख केरबाआण्णा तोडकर यांना या थाटामाटाचं फारसं कौतुक नव्हतं. तीस वर्षं त्यांनी जुन्या पत्र्याच्या गोठ्यात काढली होती. नव्या गोठ्यात गायींच्या कानात आकडे आले, पण आण्णांनी एकदाही आकड्यानं गाय हाकारली नाही. दोनशे चौदा म्हणजे पवळी, दोनशे सोळा म्हणजे चिमणी, आणि दोनशे वीस म्हणजे 'ती आगाऊ'.

त्यांचा एक नेम होता. रोज प्रत्येक गायीच्या गळ्याखाली, जिथं कातडीची मऊ पोळी लोंबते तिथं, खालून वर हात फिरवायचा आणि हळूच म्हणायचं, "ये बाय, ये." हात लागला की गाय जागच्या जागी थांबायची. डोळे मोठे, कान ताठ, अंगावरची माशीही झटकायची नाही. "बगा, कशी तल्लीन होती," असं आण्णा पाहुण्यांना सांगत. असा एक फोटो महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेवरही छापला होता.

जुन्या गोठ्यात हा नेम संध्याकाळी धारा झाल्यावर असे. नव्या गोठ्यात दूध यंत्रानं निघू लागलं आणि गायी एका फाटकातून ओळीनं आत जाऊ लागल्या. आण्णांनी आपली जागा त्या फाटकात केली. आत शिरणाऱ्या प्रत्येक गायीला आता धारेच्या आधी त्यांचा हात मिळू लागला.

त्यांची ही माया सगळ्यांना माहीत होती, म्हणून बिघडायला लागलं तेव्हा त्यांच्याकडे कुणाची नजर गेली नाही.

बिघडलं ते असं. एवढा खर्च करून दूध वाढायचं सोडून घटलं, आणि चार महिन्यांत चाळीसपैकी अकरा गायींना दगडी हा कासेचा रोग झाला. गायीच्या कासेत दूध असून भागत नाही, तिनं ते सोडावं लागतं. वासरानं ढुसणी दिली किंवा ओळखीचा हात लागला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडांत येतं. त्यालाच आपण पान्हा म्हणतो. पण नेमकी त्याच वेळी गाय दचकली तर ॲड्रेनलिन उसळतं आणि ऑक्सिटोसिनचं काही चालू देत नाही. दूध आतच अडकतं. यंत्राला ते समजत नाही. धार मंदावली की ते आपलं सड सोडून मोकळं होतं. आत राहिलेल्या दुधात जंतूंची चंगळ होते, आणि कास दगडासारखी टणक होते.

म्हणजे धारेच्या वेळी गायी कशाला तरी घाबरत होत्या. कशाला, ते शोधायचं होतं.

शोधायचं काम डॉ. मंजिरी सावर्डेकरकडे आलं. ती याच महाविद्यालयाची जुनी विद्यार्थिनी. धार काढायला तिला आण्णांनीच शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी गायीनं लाथ मारून बादली तिच्या अंगावर उपडी केली तेव्हा आण्णा हसले नव्हते, निदान तिच्यासमोर तरी. आता ती काचेच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि तिनं एक दाणा तयार केला होता.

हा दाणा तांदळाएवढा. तो गायीच्या कानामागच्या कातडीखाली बसवायचा. त्यातलं एक कृत्रिम प्रथिन, भीतीनं अंगात वाढणारं कॉर्टिसॉल बरोबर पकडतं. शिवाय तो नाडीही मोजतो. गाय दचकली कधी ते नाडी सांगते, आणि किती वेळ धाकात राहिली ते कॉर्टिसॉल. पूर्वी यासाठी रक्त काढावं लागे, आणि सुई बघूनच गाय घाबरे. म्हणजे मोजायला जावं तर आपणच घातलेली भीती मोजून परत यावं. दाण्यानं ती अडचण संपवली. माणसांच्या गळ्यात बिल्ले आले, त्यामुळे गायीच्या हातभर जवळ त्या क्षणी कोण होतं, तेही कळू लागलं. गोठ्यातल्या माणसांनी या सगळ्याला लगोलग नाव दिलं, चहाडखोर.

संशय होता अनुसयावर. ती गोठा नवा झाला त्याच महिन्यात कामाला लागलेली, आवाज असा की फाटकातून बोलली तर वसतिगृहात ऐकू जावं. "आगं ए सटवे, सरक की पलीकडं! तुज्या बापाची गादी हाय व्हय ही?" असं ती गायींशी बोले. आण्णांनी प्राचार्यांच्या कानावर घातलं होतं, "त्या बाईच्या आवाजानंच गाई बावरत्यात, साहेब." गोठ्यात कुठलीच गोष्ट झाकून राहत नाही. ही अनुसयापर्यंत पोचली.

बिल्ले वाटले त्या दिवशी ती फणकाऱ्यानं म्हणाली, "माज्या एकटीच्याच गळ्यात घालू नका. आण्णांच्या बी घाला."

"घाला की," आण्णा म्हणाले. "मलाच आदी घाला. कुणाचा हात जड हाय ते कळू दे एकदा."

तीन आठवड्यांनी मंजिरीनं त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं, एकट्यालाच. आल्या आल्या तिनं विचारलं, "आण्णा, चहा घेणार?" एरवी ती चहा न विचारता देत असे. काहीतरी वाईट आहे, एवढं त्यांनी ओळखलं.

पडद्यावर अनुसयाच्या नावाची रेघ होती, जवळजवळ सपाट. "हिच्या शिव्यांनी गायींना काहीच होत नाही," मंजिरी म्हणाली. "त्या आवाजाची त्यांना केव्हाच सवय झालीय."

"मग?"

तिनं दुसरी रेघ दाखवली. ती फाटकापाशी उसळत होती, रोज सकाळी, रोज संध्याकाळी, आणि जवळजवळ प्रत्येक गायीची. खाली नाव होतं, केरबा तोडकर.

आण्णांनी ते नाव दोनदा वाचलं. मग म्हणाले, "यंत्र बिगाडलंय."

"मलाही तेच वाटलं. दोनदा दाणे बदलले, आण्णा. म्हणूनच तीन आठवडे लागले."

"गाईला समोर धरून दाखवा मला. कागदाव न्हाई पटत."

दुपारी गायी रवंथ करत बसल्या होत्या. पवळी तेवढी उभी होती. तांबूस रंगाची, पाच वेतं झालेली आणि सहाव्यांदा गाभण. आण्णांचा जीव हिच्यावर सगळ्यांत जास्त, हे इतर गायींनाही ठाऊक असावं. मंजिरी हातात दाण्याचे आकडे दाखवणारी पडद्याची पाटी घेऊन लांब उभी राहिली. आण्णा जवळ गेले. पवळीनं त्यांची बाही चाटली.

"नाडी चौसष्ट," मंजिरी म्हणाली. "एकदम निवांत."

आण्णा बोलले, पाठीवर थाप मारली, गव्हाणीतला चारा सारखा केला. आकडा हलला नाही. त्यांना हायसं वाटलं. सवयीनं त्यांनी हात गळ्याखाली घातला. "ये बाय, ये."

पवळी थांबली. डोळे मोठे, कान ताठ.

"ब्याण्णव," मंजिरी हळू आवाजात म्हणाली. "एकशे पाच. एकशे बारा."

आण्णांनी हात काढून घेतला. तरी पवळी तशीच उभी होती. तीस वर्षं ते याच उभं राहण्यावर खूश होते.

"तल्लीन न्हाई ही," ते म्हणाले.

"नाही, आण्णा. भीतीनं थिजलीय."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आण्णा भांडले असते. पण सांगणारी मंजिरी होती, आणि तिचेच डोळे भरले होते. त्यांना लाज वाटली.

घरी ते जेवायला बसले. बायको मालन वाढता वाढता दोनदा विचारून थकली, तेव्हा कुठं त्यांनी सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकदम हसली.

"हसायला काय झालं तुला?"

"माजी आई आटवली वो. एरवी कवा लाडाचं बोलणं न्हाई. पर वर्सातनं दोन डाव जवळ घ्यायची, डोस्क्यावनं हात फिरवायची, शेंगदाण्याचा लाडू द्यायची, आन् मागनं एरंडेल. तवापासनं शेंगदाण्याचा लाडू बगितला की पोटात गोळा येतोय माज्या. तुमी लगीन झाल्याव कवतिकानं आणला हुता, आटवतंय? मी खाल्लाच न्हाई."

आण्णांचा घास हातातच राहिला.

गूळ.

गाय व्याली की चार दिवस वासरू तिच्याजवळ. चीक काढायचा, खरवस साऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवायचा आणि पाचव्या दिवशी वासरू तोडायचं, म्हणजे आईपासून वेगळं करायचं. आण्णांच्या आधीचा माणूस ते दाव्याला हिसका देऊन ओढत न्यायचा. गाय दावं तोडायला बघायची. आण्णांना ते बघवलं नव्हतं. म्हणून त्यांनी आपली रीत काढली. पेंड-भुशाच्या आंबोणात गूळ कालवून एक गोळा गायीच्या तोंडाशी धरायचा, गळ्याखाली हात फिरवायचा, "ये बाय, ये" म्हणत तिचं तोंड आपल्याकडे ठेवायचं, आणि तेवढ्यात मागून दुसऱ्यानं वासरू उचलून न्यायचं. गाय गूळ चघळून वळेपर्यंत जागा रिकामी. किती मायेनं करतो माणूस, असं सगळे म्हणत. आण्णांनाही तसंच वाटे. तीस वर्षांत किती वासरं अशी नेली, याचा हिशोब त्यांनी कधी केला नव्हता.

त्या हातानंतर वासरू नसतं, एवढंच गायी शिकल्या होत्या. आणि तोच हात आण्णा रोज, न चुकता, प्रेमानं त्यांच्या गळ्याखाली घालत होते.

"मालन," ते म्हणाले, "मी फशिवलं गं त्यास्नी."

मालनला हसल्याचं वाईट वाटलं. ती पाट ओढून जवळ बसली.

सकाळी आण्णांनी मंजिरीला हे जसंच्या तसं सांगितलं. ती खुर्चीत मागं रेलून ऐकत होती. "मला हे आकड्यांतून कधीच सापडलं नसतं," ती म्हणाली.

तोवर वरून हालचाल सुरू झालीच होती. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, पण दगडी झालेल्या अकरा गायी त्यांच्या डोक्यावर होत्या. त्यांनी आण्णांना निवृत्तीपर्यंत चारा भांडारात पाठवायचं सुचवलं. निवृत्तीला अकरा महिने होते. अकरा महिने गवताच्या गंज्या मोजायच्या आणि मग घरी जायचं, गायींच्या डोक्यात तो हात तसाच ठेवून. नोकरीचं त्यांना काही वाटत नव्हतं. पवळीनं आपल्याला कायमचं असं ओळखावं, हे त्यांना सोसणार नव्हतं.

प्राचार्यांच्या खोलीत हे बोलणं चाललं होतं, मंजिरीही तिथं होती, आणि अनुसया दारात उभी होती. ती आण्णांना चार शब्द सुनावेल असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि तिचा तो हक्कही होता. ती म्हणाली, "साहेब, त्यास्नी ऱ्हाऊ द्या. वासरं म्या न्हेते हितनं फुडं. नुस्तं ह्येंचं नाव खराब कशापायी?"

आण्णांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "न्हाई. तुजं नाव मी इनाकारन घेतलं, अनुसया, ते चुकलं माजं. आन् वासरं तू न्हेलीस तर दोन वर्सांनी तुज्या आवाजाला भितील. भ्याव तितंच ऱ्हाणार, निस्ता माणूस बदलणार."

मग ते मंजिरीकडे वळले. "बाई, गाय इसरती का?"

मंजिरीनं उगाच दिलासा दिला नाही. "विसरत नाही, आण्णा. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्यावर नवी आठवण बसते. बसली तर."

"किती दिसांत?"

"माहीत नाही. आमच्या हातात तरी असं मोजायचं साधन आत्ताच आलंय."

"मग मोजा," आण्णा म्हणाले आणि प्राचार्यांकडे वळले. "साहेब, मला हितंच ठेवा. हात लावणार न्हाई कुणाला. फाटकात हुबा ऱ्हाणार न्हाई. पर वासरांची खोली तेवडी बदलून द्या."

नव्या आराखड्यात वासरांची खोली प्रयोगशाळेच्या पलीकडे होती, गायींना दिसू नये अशी मुद्दाम. आण्णांना ती गायींच्या समोर हवी होती, मधे नुसता कठडा, तोंड आत जाईल एवढ्या फटींचा. गायी हंबरतील, पाहुण्यांना काय वाटेल, असं प्राचार्य म्हणाले. "हंबरू द्या की," आण्णा म्हणाले. "लेकरू न्हेल्याव हंबरायचं न्हाई तर कवा?" प्राचार्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. आण्णा फाटकातून हलले आणि पंधरवड्यातच धारा सुधारू लागल्या, म्हणून त्या मुदतीचा विषय पुढे कुणी काढला नाही.

भाद्रपदात पवळी व्याली. तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. पाचव्या दिवशी आण्णा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांना बघून पवळीनं मान पुढे करून आधी त्यांचे हात हुंगले. गूळ नव्हता. ती बुचकळ्यात पडली.

"पवळे, न्हेतो गं हिला," आण्णा मोठ्यानं म्हणाले. "फशवून न्हाई न्हेत. हितंच ठेवतोय, बग."

त्यांनी कालवड तिच्या डोळ्यांदेखत उचलली आणि सावकाश, पाठ न फिरवता, कठड्यापलीकडे नेऊन ठेवली. पवळी असं काही हंबरली की काचेच्या भिंतीआड सगळे उभे राहिले. मंजिरीच्या पाटीवरची रेघ वर गेली ती खाली येईना. आण्णा बादली पालथी घालून पवळीला दिसेल असे बसून राहिले. दोन दिवस तिचं हंबरणं त्यांनी ऐकलं. गुळानं तीस वर्षं आपल्याला यातूनच वाचवलं होतं, गायीला नव्हे, हे त्यांना तिथं बसून कळलं.

तिसऱ्या दिवशी पवळीनं कठड्याच्या फटीतून जीभ घालून कालवडीचं कपाळ चाटलं आणि मग गव्हाणीत तोंड घातलं. रेघ उतरली. खोली पलीकडे होती तेव्हा हेच व्हायला नऊ-दहा दिवस लागत.

पुढचे महिने आण्णांना जड गेले. तीस वर्षांची सवय, गाय दिसली की हात आपोआप उठे. शेवटी त्यांनी युक्ती काढली. ओळीतून जाताना दोन्ही हातांत दोन बादल्या धरायच्या, भरलेल्या असोत की रिकाम्या. "आण्णा, रिकाम्या बादल्या घेऊन कुठं निगाला?" अनुसया मुद्दाम विचारी. पुढेपुढे तिनंच रोज त्यांच्यासाठी दोन बादल्या धुऊन ठेवायला सुरुवात केली.

दगडी आटोक्यात आली, दूध वाढलं. मंजिरीनं शोधनिबंध लिहिला आणि आपल्या नावाशेजारी त्यांचं नाव घातलं, तेव्हा ते म्हणाले, "मी केल्याली चूक हाय ती. तिच्याखाली माजं नाव कशाला छापताय, बाई?" पण घरी त्यांनी तो निबंध मालनला दाखवला, दोनदा.

वैशाख सरत आला. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. त्या दुपारी तुषार नुकतेच थांबले होते आणि गोठ्यात ओल्या गादीचा वास होता. आण्णा दोन बादल्या घेऊन चालले होते. पवळीनं मान लांब करून त्यांची वाट अडवली.

"सरक गं."

ती सरकली नाही. त्यांनी वळसा घ्यायला बघितलं, तिनंही मान तिकडेच नेली.

ओळीच्या टोकाकडून अनुसयाचा आवाज आला, यावेळी एरवीपेक्षा पुष्कळ खालचा. "ठेवा की वो त्या बादल्या, आण्णा."

आण्णांनी बादल्या खाली ठेवल्या. हात धोतराला पुसला. मग खालून वर, एकदाच, त्यांनी तो तिच्या गळ्याखालून फिरवला. "ये बाय, ये" मात्र म्हटलं नाही.

पवळी थांबली. डोळे मोठे, कान ताठ. हे उभं राहणं आता आण्णांना चांगलं ओळखता येत होतं. ते हात काढून घेणार, तोच पवळीनं मान वळवली आणि कठड्याकडे बघितलं. कालवड तिथंच होती, कपाळावरच्या ठिपक्यासकट, आपली निवांत कडबा चघळत. पवळीनं तिला नीट न्याहाळलं. मग तिनं मान परत वळवली, कान सोडले, आणि डोक्याचा सगळा भार आण्णांच्या तळहातावर टाकला.

काचेपलीकडे मंजिरी पाटी उंच धरून आकडा दाखवत होती. आण्णांनी तिकडे बघितलं नाही. गायीचं डोकं काही हलकं नसतं, त्यांचा हात भरून आला, पण पवळी आपणहून उचलेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.